माईक चालू होता

माझ्या डाव्या कानावर माईक बसला तेव्हा तो चालू होता.

त्यामुळे आवाज आधी आला, दुखणं मागाहून. धप्प. मग एक लांबलचक शिट्टी. आमच्या ग्रामपंचायतीच्या गच्चीवर दोन कर्णे आहेत, एक वरच्या आळीकडे तोंड करून, एक खालच्या आळीकडे. माझ्या डोक्यावर बसलेला फटका दोन्ही आळ्यांना सारखाच ऐकू गेला. आमच्या गावात दोन्ही आळ्यांना सारखी मिळालेली ही पहिली गोष्ट.

बायको घरी तांदूळ निवडत होती. तिला वाटलं, माईक टेस्टिंग चाललंय.

मी खाली बसलो. बसलो म्हणजे पडलोच, पण माझ्या अंगाचा घेर बघता दोन्हींत लांबून फारसा फरक दिसत नाही. चष्मा कुठे उडाला कळलं नाही. कानातून काहीतरी गरम मानेवर उतरत होतं. सरपंचाने टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि सावकाश, घाई न करता, माझ्या डोक्यावर ओतली.

"पाणी पायजे ना तुला? घे. पी."

मग पायातली चप्पल काढली. तोंडावर मारली. एकदा या गालावर, एकदा त्या. तिसरी कपाळावर. माझ्या पोटच्या पोराच्या वयाचा माणूस. एरवी वाटेत भेटला की गाडीची काच खाली करून काका म्हणणारा.

समोर ग्रामसभेला आलेलं गाव बसलं होतं. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, ओळीने. मागे कुणाची तरी खुर्ची पडली, तेवढाच आवाज. उठलं कुणी नाही. ग्रामसेवक हातातल्या कागदाकडे बघत होते. कागद कोरा होता. मी खालून बघत होतो, मला आरपार दिसत होतं.

मी विचारलं होतं ते एवढंच. खालच्या आळीच्या नळाला तीन दिवसांनी पाणी येतं, आणि वरच्या फार्महाऊसच्या पोहायच्या तलावात रोज कसं पडतं? टाकी एकच आहे. पाईप एकाच डोंगरावरून येतो. त्या फार्महाऊसची जमीन सरपंचाच्या बापानेच विकली, हे मी बोललोसुद्धा नव्हतो. मी सभ्य माणूस आहे. निदान माईक लागेपर्यंत होतो.

मी साजगावच्या एका कारखान्यात मशीनना तेल-ग्रीस करतो. तेवढ्याने माझी ओळख पटणार नाही. आमच्या भावकीत माझी खरी ओळख म्हणजे गोष्टी सांगणारा. लग्न असो, बारसं असो, मला मध्ये बसवतात. दहाव्यालासुद्धा मी लोकांना हसवलेलं आहे, तेही मेलेल्याच्या बायकोसकट. तेव्हा मार खाल्ला त्याचीही मी गोष्ट केली. करणारच. दुसरं येतं काय मला?

कारखान्यात सांगितली. चहाच्या टपरीवर सांगितली. "सरपंचांनी माझा सत्कार केला, शालीऐवजी चप्पल, नारळाऐवजी माईक," असं म्हणायचो. लोक पोट धरून हसायचे. मी पण. हसलं की कान ठणकायचा. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, या कानाने आता कमीच ऐकू येईल. मी म्हटलं, बायको कोणत्या बाजूला बसते ते आता मला ठरवता येईल.

बायको हसली नाही. भाताचं पातेलं उतरवत म्हणाली, "मारलं त्यानं. आन हसवताय तुमी."

मी ताट पुढे ओढलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर पुन्हा सांगितली.

पोलीस ठाण्यात गेलो होतो. हवालदार बरा माणूस होता, बसायला खुर्ची दिली. पण म्हणाला, तुमच्या आधी सरपंच येऊन गेले. तुमच्यावर तक्रार आहे. सरकारी कामात अडथळा. म्हणजे त्याचा माईक सरकारी कामाला निघाला होता आणि मध्ये माझा कान आला. ही गोष्टही मी टपरीवर सांगितली. तिलाही लोक हसले.

तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी अविश्वास ठराव आणला. त्यांच्यातले बहुतेक त्याच्या शिव्या खाऊन बसलेलेच होते, माझा कान त्यांना निमित्त झाला. ठराव मंजूर झाला. पण आमचा सरपंच थेट गावाने निवडलेला, म्हणून शेवटचा शब्द गावाचा. खास ग्रामसभा भरायची, गावाने चिठ्ठ्या टाकायच्या. त्याला ठेवायचं की काढायचं.

मग तात्या आले. माझे चुलते. वडील गेल्यापासून घरात वडिलांच्या जागी. खाटेवर बसले, पाणी प्यायले, खालच्या आळीचं पाणी असल्यामुळे अर्धा तांब्याच प्यायले.

"कामाचा माणूस हाय रं तो," म्हणाले. "रस्ता आणला. तुझी आई आजारी पडली तर सोताची गाडी दिली. एका फटक्यासाठी खुर्ची काढायची?"

गाडी दिली होती, हे खरं. आई त्या गाडीत बसूनच दवाखान्यात पोचली. मी ते विसरलेलो नाही. मी म्हटलं, "तात्या, तुमच्या कानात मारला असता तर?"

"मला कोण मारतंय?"

तेच. तात्यांना कोण मारतंय. हायवेकडची जमीन तात्यांच्या नावावर आहे. सरपंचाने आजवर कुणाला मारलं, ते मी तात्यांना मोजून दाखवलं नाही, नुसती आठवण करून दिली. वीज जोडायला आलेला वायरमन. शाळेच्या भिंतीचा गवंडी. डोंगरातल्या वाडीवरचा ठाकूर आदिवासी, दाखला मागायला आलेला, त्याला तर लाथ. त्यांतला एकही जमीनवाला नव्हता. रागीट माणूस आहे म्हणतात लोक. मग त्याचा राग एवढा शहाणा कसा? माणूस बघून येणारा?

तात्या उठले. जाताना म्हणाले, "तू तर हसत हिंडतोस. मग मिटलंच की."

तात्यांचं हे वाक्य तेव्हा माझ्या बऱ्या कानाने ऐकलं आणि फाटक्या कानाने सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात सरपंचाचा वाढदिवस. आमच्या फाट्यावर बांबूची चौकट उभी राहिली, तिच्यावर भलामोठा फ्लेक्स. मध्ये तो, पांढरे कपडे, काळा गॉगल, छातीवर हात. गावाचा लाडका, गोरगरिबांचा आधार, असं काहीबाही. खाली शुभेच्छुकांची रांग, नेहमीचीच तोंडं.

आणि त्या रांगेत मी.

पुतण्याच्या हळदीतला फोटो. टोपी वाकडी, गालाला हळद, तोंडभर हसू. शिवाय हात जोडलेले, पण हात माझे नव्हते. कुणाचे तरी गोरे, बारीक हात माझ्या मानेखाली चिकटवलेले. काका हसतायत म्हणजे मिटलं, असं कुणीतरी ठरवलं असणार. माझं तोंड नेलं आणि त्याला नमस्कार करायला लावलं.

कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणाला, मार खाल्ल्याचं प्रमोशन का? टपरीवर आता माझ्या गोष्टीला कुणी हसेना. मला बघून हसायला लागले. खालच्या आळीतल्या ज्या बाया माझ्या बाजूने चिठ्ठी टाकणार होत्या, त्या नळावर म्हणाल्या, त्यालाच काय नाय तर आपल्याला काय पडलंय.

बायको शिळफाट्याच्या बाजारातून आली. पिशवी ओट्यावर ठेवली. पिशवीतली भाजी काढली नाही.

"ते तोंड उतरवून आणा," म्हणाली. "तवर हे तोंड घेऊन घरात येऊ नका."

मी विळा घेतला. भरदुपारी फाट्यावर गेलो. रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर चढलो. चढलो म्हणजे दोन वेळा घसरलो, तिसऱ्यांदा एका रिक्षावाल्याने खालून ढकललं. त्याला वाटलं मी हार घालायला चाललोय. मी माझ्या तोंडाभोवती विळा फिरवला. कानापासून सुरुवात केली. डाव्या.

तोंड हातात आलं आणि खाली काळी गाडी थांबली.

गाडीतल्या दोघांनी उतरून मी धरलेला बांबू हलवला. मी पडलो, खडीवर, पाठीवर. श्वास अडकला. सरपंचाने बूट माझ्या बरगडीत घातला. पुन्हा घातला. आतलं काहीतरी कडकन वाजलं आणि यावेळी माईक नव्हता, मलाच ऐकू आलं.

"वाढदिवसाला अपशकून करतो काय रं?" 

तिसऱ्यांदा पाय आला तेव्हा मी तो धरला. दोन्ही हातांनी नाही. डाव्या हाताने. उजव्या हातात विळा होता.

त्याच्या घोट्यावरची शीर माझ्या डोळ्यांसमोर होती. पांढरा पायमोजा, त्याच्या वर वीतभर उघडा पाय. विळा भात कापायचा, धार लावलेला. मी आयुष्यभर गोष्टी सांगितल्या, पण त्या वेळी माझ्या डोक्यात एकही गोष्ट नव्हती. फक्त तो पाय होता. ओढायचं, एवढंच काम. रक्त कसं उडेल ते मला दिसत होतं. आणि मला ते हवं होतं. हे मी लपवणार नाही. मला ते हवं होतं.

त्याचा चेहरा पांढरा पडला. गॉगल होता तरी दिसलं.

आणि मला एकदम कळलं. मी ओढला की तो सरपंच. सरकारी माणसावर हल्ला. पेपरात तो, दवाखान्यात हार तो घेणार, आत मी जाणार. त्याने मारलं की तो रागीट. मी मारलं की मी गुन्हेगार. आम्ही दोघं एका मापाची माणसं नाही, कारण त्याच्या खाली खुर्ची आहे. आणि ती खुर्ची त्याच्या बापाच्या जमिनीतून उगवलेली नाही. तिच्यात माझंही मत आहे. माझ्याच मताने माझा हात बांधला होता त्याने.

मी पाय सोडला. विळा मोरीत टाकला. उठलो. उठायला वेळ लागला, पण कुणाचा हात घेतला नाही. त्याच्या तोंडासमोर उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा त्याला अहो-जाहो केलं नाही.

"खुर्ची सोड. मग ये मारायला. मग माझा पन हात मोकळा असंल."

तो वळला. गाडीत बसला.

मी खडीवर पडलेलं तोंड उचललं, घडी करून शर्टात घातलं आणि घरी गेलो. बायकोने ते चुलीत टाकलं. प्लास्टिकचं होतं, घाण वास सुटला. दार उघडं ठेवून आम्ही जेवलो.

फ्लेक्स तसाच राहिला. शुभेच्छुकांच्या रांगेत माझ्या जागी भोक. त्यातून मागचा डोंगर दिसायचा.

मी घरोघर गेलो. बरगडीला पट्टा, तरी गेलो. गोष्ट सांगितली नाही. एवढंच म्हटलं, त्याने रस्ता आणला, आणलाच. त्यासाठी खुर्ची दिली होती. मारायला दिली नव्हती. चांगलं काम केलं म्हणून माणसाला चार जणांना मारायची सूट मिळत नाही. लोक मान हलवायचे. काही दार लावून घ्यायचे.

खास ग्रामसभेत चिठ्ठ्या मोजल्या, ठराव पडला. थोडक्यात पडला म्हणतात. पडलेल्याला विचारा, थोडक्यात पडलो की पुरता, पाठ तेवढीच दुखते. कुणाचा पोरगा फार्महाऊसवर कामाला, कुणाचं घरकुल अडकलेलं, कुणाला गाडी लागणार होती. मी नावं ठेवत नाही. सांगतो फक्त.

त्याची मिरवणूक आमच्या दारावरून नेली. मुद्दाम नेली. डीजे दारात थांबवला. गुलाल फेकला. भिंत लाल, तुळस लाल. कुणीतरी दगड मारला, खिडकीची काच आत आली. बायकोने काचा गोळा केल्या. मी गुलाल पुसायला फडकं घेतलं तर म्हणाली, "राहू दे. दिसू दे आल्यागेल्याला."

अजून आहे तो भिंतीवर.

त्यानंतरची पहिली ग्रामसभा झाली. मी गेलो. बायको आली, पहिल्या ओळीत बसली. तिच्या मागे नळावरच्या दोन बाया. एवढंच माझं सैन्य. प्रश्न विचारायची वेळ आली, मी उठून टेबलापाशी गेलो आणि माईक घेतला. तोच. जाळी चेपलेली. लोक माईक घेतला की चालू आहे का बघायला बोटाने टकटक करतात. मी केली नाही.

म्हटलं, खालच्या आळीला पाणी तीन दिवसांनी का? आणि दुसरा प्रश्न. माणसांवर हात उचलणारा सरपंच राजीनामा कधी देणार?

खुर्ची मागे सरकली. तो टेबलाला वळसा घालून आला. हात वर गेला होता.

मी मागे सरलो नाही. माईक उचलला आणि डाव्या कानापाशी धरला.

"मार," म्हटलं. "गावाला ऐकू जाऊ दे."

ते दोन्ही कर्ण्यांतून गेलं. वरच्या आळीला, खालच्या आळीला.

हात वरच राहिला. मग खाली आला. उत्तर मिळालं नाही, पाण्याचं नाही, राजीनाम्याचंही नाही. न मिळो. पुढच्या ग्रामसभेला मी पुन्हा उठणार. तिच्या पुढच्यालाही. हसवणार नाही. हेच दोन प्रश्न, याच माईकवर, तो त्या खुर्चीतून उतरेपर्यंत. एक कान गेलाय. अजून एक आहे.