पारावरच्या आंब्याचं दगडफूल

मसाल्यात घालतात त्या दगडफुलाची भावंडं शोधत मी चार वर्षं अकोले तालुक्यातल्या झाडांची खोडं खरवडत हिंडले. शास्त्रात त्यांना शैवाक म्हणतात. एक बुरशी आणि एक शेवाळ यांचा एकत्र संसार. संगमनेरच्या कॉलेजात शिकवता शिकवता मी पीएच.डी. करत होते. गाइड आमचे सर, निवृत्तीला आलेले. नव्वदचं दशक सरत आलं होतं.

सरांच्या नावावर एकच नवी जात होती. ती त्यांना स्वतःच्या गावात सापडली होती, पारावरच्या आंब्याच्या खोडावर. दिसायला अगदी नेहमीच्या जातीसारखी. फक्त कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला की नेहमीची पिवळी होऊन लाल पडायची, आणि ही होती तशीच राहायची. तेवढ्यावरून सरांनी ती वेगळी ठरवली आणि गावाचं नाव लॅटिनमध्ये बसवून तिला दिलं. त्या काळी सगळे असंच करत.

गावानं सरांचा सत्कार केला, तोही त्याच पारावर. सर बौद्ध कुटुंबातले. त्यांच्या वडलांना त्या पारावर कधी बसू दिलं नव्हतं. सत्काराचा फोटो टेबलाच्या काचेखाली होता: शाल, नारळ, मागे आंबा. सर त्याविषयी फारसं बोलत नसत, पण पाहुणा आला की हातरुमालानं काच पुसत.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डीएनएची अक्षरं वाचून मिळण्याची सोय झाली. ती जुळवून कोण कोणाच्या नात्यातलं हे ठरवायचं, हा माझा विषय. सर म्हणाले, "आमच्या आंब्यावरचीबी घेऊन जा. जात वेगळी हाय, हे एकदा यंत्राला सांगू दे."

निकाल घ्यायला मी पुण्याला गेले. सरांची जात आणि नेहमीची जात, असे दोन कागद मी एकाखाली एक ठेवले आणि पट्टी सरकवत अक्षरं जुळवली. पाच-सहाशे अक्षरं, आणि एकाचाही फरक नाही. जात एकच होती. त्या क्षणी मला सर आठवले नाहीत, हे कबूल करायला हवं. प्रबंधाला झकास प्रकरण मिळालं याचाच आनंद झाला. काच आठवली ती पुण्याहून परतताना, एसटीत.

सरांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "नमुन्यांची पाकिटं अदलाबदल झाली असतील तुझ्याकडून."

माझं डोकं फिरलं. पाकिटावर तीन ठिकाणी नंबर घालायची सवय त्यांनीच लावलेली.

पुढच्या रविवारी सर स्वतः गावी गेले आणि शिडी लावून आंब्यावर चढले. सोमवारी त्यांनी मला दोन पाकिटं दिली. वर फक्त एक आणि दोन. आंब्याचं कोणतं ते सांगितलं नाही. पद्धत म्हणून ते चोख होतं, तरी मला ते फार लागलं.

दुसरा निकाल यायला दीड महिना गेला. या वेळी पट्टी सरांनीच घेतली. ओळीमागून ओळ, घाई नाही. शेवटच्या ओळीला पोचले आणि पुन्हा पहिलीपासून सुरू केलं. मग पट्टी खाली ठेवली.

"एकच हाय," ते म्हणाले.

मी चाचरत म्हटलं, "सर, हे प्रकरण वगळलं तरी चालेल. बाकीचं पुरेसं आहे."

सर माझ्यावर चिडलेले मी तेव्हाच पाहिले, त्याआधी कधी नाही. "जे वेगळं न्हाई ते वेगळं म्हणून ठिवायचं? आमच्या घरात हे चालायचं न्हाई."

त्यांनी कपाटातून मूळ नमुन्याचं पाकीट काढलं. त्यावर त्यांच्या तरुणपणीच्या अक्षरातली चिठ्ठी होती. आमच्या शास्त्रात जुनी चिठ्ठी फाडत नाहीत. खाली नवी चिकटवून योग्य नाव आणि ते ठरवणाऱ्याची सही टाकतात. सही त्यांनी मला करायला लावली. डिंक मात्र स्वतः लावला आणि चिठ्ठी अंगठ्यानं बराच वेळ दाबून धरली.

आता फोटो जाईल, असं मला वाटलं. तो गेला नाही. महिन्याभरानं नाशिकचे एक प्राध्यापक आले. सरांनी खिशातून रुमाल काढला, नेहमीसारखी काच पुसली आणि आंब्यावर बोट ठेवलं.

"या झाडावरची जात माझी होती," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे बोट केलं. "हिनं खोडली. माझी विद्यार्थिनी."

आवाजात अभिमान होता, आणि तो खरा होता. चहा सांगून येते म्हणत मी बाहेर पडले आणि व्हरांड्यात उभी राहून रडले.