धुऱ्यावर न वळलेल्या बरण्या

समजा, तुमच्यासमोर काचेच्या दहा बरण्या आहेत. प्रत्येकीत नवसागराचं पाणी, त्यात एक कांडी जस्ताची, एक कोळशाची. एका बरणीचा कोळसा तारेनं पुढच्या बरणीच्या जस्ताला जोडत जायचा. दहांचा जोर एकवटला की हिंगोली स्टेशनाच्या तारयंत्राची खटखट वसमतला ऐकू जाते. जमेल तुम्हाला?

नरसी गावचा सोनाजी औत सोडून चार वर्षं हेच करत होता, पण नोकरी कच्ची. १९३८ सालच्या त्या दिवशी बाराच्या गाडीनं मोठे साहेब येणार होते. तारयंत्र बराबर चाललं तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा औत.

साहेबांसाठी म्हणून सोनाजीनं दहाही बरण्या एका ओळीत असलेली जुनी लांब फळी काढून दुमजली मांडणी करून घेतली. वर पाच बरण्या, खाली पाच. नारळ फोडला, शुभ म्हणून दहाही बरण्यांची कोळशाची बाजू पूर्वेला केली आणि दोन्ही ओळींची पूर्वेकडची टोकं एकमेकांना जोडली.

स्टेशनमास्तर विष्णुपंतांनी बटण दाबलं. यंत्राची सुई ढिम्म.

"सोनाजी, नारळ कुजका निघाला का रे?"

"न्हाई मास्तर, गोड होता. अर्धा तर तुमीच खाल्ला!"

"आता साहेबांना करवंटी दाखव. अकरा वाजलेत."

सोनाजीनं एकेक ओळ तपासली. नुसती वरची ओळ लावली, सुई हलली. नुसती खालची लावली, तरी हलली. दोन्ही मिळून लावल्या की मेली.

"भावकी दिसते," मास्तर म्हणाले.

सोनाजी तारेवरून बोट फिरवत निघाला. जस्त, कोळसा, जस्त, कोळसा... पूर्वेच्या टोकाला कोळशासमोर कोळसाच! त्यानं कपाळावर हात मारला.

"मास्तर, औताचा तास संपला अन् म्या धुऱ्यावर, वावराच्या कडेला, बैल वळवलेच न्हाईत! वरचे पाच इकडं ओढून राहिले, खालचे पाच तिकडं. औत हलंल काहून?"

त्यानं खालच्या पाचही बरण्या उलट्या फिरवल्या, तारा पुन्हा आवळल्या.

"अरे, पण यांची तोंडं पश्चिमेला झाली की!"

"साहेब काय पंचांग घिऊन येऊन राहिले, मास्तर?"

सुई टुणकन उडाली.

साहेबांनी यंत्र पाहिलं, नोकरीच्या कागदावर सही ठोकली आणि खुशीत विचारलं, "काही मागायचंय?" मास्तरांना वाटलं, हा रजा मागणार.

"मागायचं न्हाई, इचारायचंय," सोनाजी म्हणाला. "वसमतला तार एकच जाते, वीज माघारी जमिनीतून येते म्हणतात. पूर्णा स्टेशनवाल्यांचीबी जमिनीतूनच येते. मग साहेब, एवढ्या काळ्या मातीतून आपली वीज आपलीच बरणी कशी वळखते?"