बाकावरची मोकळी जागा

गवंडी म्हणजे मुलखाचा घट्ट माणूस. अख्खी भिंत कोसळली तरी 'पुन्हा बांधू' म्हणणारा. पण त्याची मुलगी सातव्याच महिन्यात, तळहातावर मावेल एवढी जन्मली, तेव्हा या गड्याच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगी काचपेटीत, बायको ऑपरेशन होऊन वरच्या मजल्यावर, आणि हा खाली, पेट्यांच्या खोलीबाहेरच्या लांब बाकावर.

बाकावर सगळे त्याच्यासारखेच. शाळेची बस चालवणाऱ्याची जुळी आत होती. या बसवाल्याच्या तोंडाला ब्रेक नव्हता. त्यानंच गवंड्याला जागा करून दिली, नखं कापायला लावली, कोपरापर्यंत हात धुवायला शिकवलं. सिमेंटनं फाटलेले ते पंजे पाहून म्हणाला, "भाऊ, हे हात आहेत की कानस? जपून हं, पोरगी घासून निघायची." गवंडी किती तरी वेळानं हसला. आत गेल्यावर यंत्राच्या आकड्यांकडे नाही, पोरीकडे बघायचं, हेही त्याला बसवाल्यानंच सांगितलं.

पण त्या बाकाला एक खोड होती. ज्याचं मूल आत बिघडलं, त्याच्यापासून बाकीचे हळूच सरकायचे. बोलायचं कुणीच नाही. कुणी पिशवी सारखी करायचं, कुणाचा पाय अवघडायचा, की वीतभर पलीकडे. जसं काही ते दुखणं बाकाच्या फळीतून चढतं. बाकावरच्याच एका मास्तरीणबाईंचं बाळ बिघडलं तेव्हा गवंडीही सरकला. दुसऱ्या दिवशी बाई बाकावर नव्हत्या. त्यांच्या बाळाच्या पेटीत दुसरंच बाळ होतं.

मग गवंड्याच्या मुलीचं वजन उतरू लागलं. मध्येच ती श्वास घ्यायला विसरायची. सिस्टर टिचकी मारायची, की पुन्हा घ्यायची. आईला दूध येईना. सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, दूधपेढीतलं, दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध नळीनं देऊ, डब्याचं तिच्या आतड्याला सोसायचं नाही, फक्त तुम्ही हो म्हणा.

गवंडी हो म्हणणारच होता. तेवढ्यात मास्तरीणबाई हातात बर्फात ठेवलेल्या दुधाचा डबा घेऊन आल्या आणि दूधपेढीच्या दारात तो देऊन आल्या. सगळ्या बाकानं पाहिलं. बाई बाकाच्या पार टोकाला बसल्या. मधे चार माणसांची जागा मोकळी पडली.

बसवाला गवंड्याच्या कानाशी लागला. "भाऊ, आपलं काही म्हणणं नाही. पण ज्या दुधानं स्वतःचं..." पुढचं त्यानं गिळलं. अर्धं गिळलेलं वाक्य पुऱ्यापेक्षा वाईट. गवंड्याच्या मनात पाल चुकचुकली. तो म्हणाला, सिस्टर, जरा थांबा.

सिस्टरनं समजावलं की सगळ्या आयांचं दूध तपासून, तापवून एकत्र करतात, कुणाचं कोणतं ते आम्हालाही कळत नाही. गवंड्याच्या कानात काही शिरेना. आत यंत्र किंचाळलं, थांबलं, पुन्हा किंचाळलं. सिस्टर पळाली. बाकावर कुणाची तरी पिशवी सरकली. मग दुसरी. गवंड्यानं आजूबाजूला पाहिलं, तर त्याच्याही दोन्ही बाजूंना फळी उघडी.

तो उठला आणि मास्तरीणबाईंपुढे जाऊन उभा राहिला. त्याला काय विचारायचंय, ते त्यांना न सांगताच कळलं.

"माझ्या बाळाची फुप्फुसं कच्ची होती, दादा. दूध त्याला पचत होतं." त्यांनी पदर पुढे ओढला. "ते गेलंय, हे दुधाला अजून कुणी सांगितलेलं नाही. येतंच आहे. ओतून देऊ?"

गवंडी काचेच्या दाराशी गेला, दारावर बोटं वाजवली आणि सिस्टरला म्हणाला, द्या.

परत येऊन तो बाईंशेजारी टेकला. आत काचेपलीकडे सिस्टरनं नळी वर धरली होती, आणि दूध इतकं सावकाश उतरत होतं की उतरतंय की अडलंय तेच कळेना. मान खाली घालून तो म्हणाला, "बाई, त्या दिवशी मीही सरकलो होतो."

"पाहिलं होतं मी," बाई म्हणाल्या. "आता नीट बसा. आत बघा, तिच्याकडे."

यंत्र पुन्हा किंचाळलं. कुणाच्या पेटीचं, ते बाहेरून कळत नव्हतं. बसवाला उठला, दोन पावलं दाराकडे गेला, आणि मग वळून गवंड्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. तिघंही दाराकडे बघत राहिले. दार उघडेना.