आत गेलेला कागद

नायगावच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात अर्नाळ्याहून एक बाई येतात. प्रिंटर त्यांच्या ताब्यात असतो. कागद ट्रेमध्ये घालण्याआधी त्या गालाला लावून बघतात. ‘‘पानी हाय यात,’’ म्हणतात आणि सुकट पसरावी तसे ते पंख्याखाली पसरून ठेवतात. अडकलेला कागद दुसऱ्या कुणी ओढलेला त्यांना खपत नाही. चुकून फाटलाच, तर टेबलावर तुकडे जुळवून पूर्ण पान होईपर्यंत त्या प्रिंटरचं झाकण लावत नाहीत. ‘‘आत गेलं तेवढं भायेर आलं पायजे,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला या हट्टाचा कंटाळा यायचा.

परवा वारा उठला होता. त्यांच्या भावाची मासेमारीची बोट पहाटे परतायची, ती दुपारपर्यंत आली नव्हती. त्या मात्र कामावर होत्या, फोन समोर ठेवून. खिडकीबाहेर मुलं हॉलतिकिटांसाठी ताटकळत होती. त्या गडबडीत साहेबांनी अडकलेला कागद ओढला आणि तो फाटला. बाईंनी तुकडे जुळवले. एक कोपरा कमी होता. टॉर्च घेऊन त्या प्रिंटरच्या पोटात वाकून बघत राहिल्या.

फोन वाजला. स्क्रीनवर ‘घर’ असं दिसत होतं.

‘‘बाई, घरून आहे. घ्या ना,’’ मी म्हणालो.

‘‘थांबा,’’ मान वर न करता त्या म्हणाल्या. ‘‘आधी कोपरा गावू दे.’’

फोन वाजून वाजून थांबला. मग मीही गुडघे टेकून त्यांच्याशेजारी बसलो आणि तो कोपरा शोधायला लागलो.