मीठ घालायच्या आधी काढलेली वाटी

किडनीचा रिपोर्ट हातात पडला आणि मी गावी, कुंडलला जायचं ठरवलं. हा आजार आमच्या रक्तातच आहे. आधी वडील, मग थोरला भाऊ आण्णा, आता मी. आण्णाला जाऊन वर्ष झालं. पथ्य सुरू करण्याआधी वहिनींच्या हातचा मटणाचा रस्सा एकदा मिठासकट चापायचा, असा माझा बेत. गावी आजाराचं कुणालाच कळवलं नव्हतं. डॉक्टरांनी लेकीची, मुक्ताचीही तपासणी करायला सांगितली होती. तीही मी टाळत होतो.

पुण्याहून पहाटे निघालो. वाट वाकडी करून पाचगणीला स्ट्रॉबेरी खाल्ली. मला वाटीभर चालते, त्यामुळे पथ्यवाल्यांनो, आपापल्या डॉक्टरांना विचारा आणि हा थांबा चुकवू नका. फक्त वरून मीठ-मसाला भुरभुरू देऊ नका. साताऱ्यात कंदी पेढ्यांच्या दुकानावरून मान खाली घालून गेलो. कराडला अख्ख्या मसूरचा वास आला, पण भूक रश्शासाठी राखली. हायवे झकास आहे. पलूसच्या रस्त्यावर मात्र उसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडायला होतं.

फोन न करताच पोचलो, तरी ताट वाढलेलं होतं.

"आवं भावजी, बसा. गरम हाय तवर खावा."

एक वाटी माझ्या ताटात, दुसरी आण्णाच्या फोटोसमोर. पहिलाच घास अळणी लागला.

"वहिनी, मीठ राहिलंय."

"न्हाई. मीठ घालायच्या आदी काडलंय. ह्यांचं काडते तसंच."

आण्णाची वाटी त्या अजून रोज काढतात आणि संध्याकाळी कुत्र्याला घालतात.

"पण माझी कशाला?"

"ह्यांनीच सांगिटलं. सोमवारपासनं म्हणत्यात, दोन वाट्या काड."

माझा रिपोर्ट सोमवारी आला होता.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? फोटोकडे बघवेना. तरी लसूण, लिंबू आणि भाजलेल्या तिळांनी रश्शाला अशी काही चव आली होती की मी वाटी पुसून खाल्ली. मटणाच्या मात्र दोनच फोडी, तेवढीच मुभा आहे.

घरी आता पथ्य नीट चालू आहे. भाज्या उकळून पाणी टाकून देतो, तिखट-लिंबावर भागवतो. बायको, सुजाता, मीठ घालायच्या आधी माझी वाटी काढते. कुंडलचं मी तिला काहीच सांगितलेलं नाही.

रविवारी ओट्यावर दोन वाट्या दिसल्या.

"दुसरी कुणाची गं?"

"अहो, तुम्हीच सकाळी म्हणालात ना, दोन काढ म्हणून?"

मी म्हणालो नव्हतो. मुक्ता हात पुसत जेवायला येत होती.

दुसऱ्याच दिवशी तिची तपासणी करून घेतली. रिपोर्ट अजून यायचा आहे. तोवर रोजची दुसरी वाटीही मीच संपवतो.