फिरोजची हाक

लोहाऱ्याचा फिरोज ट्रक आणि मागची ट्रॉली भाड्यानं चालवी. छोटे ट्रॅक्टर गावोगाव पोचवण्यावरच त्याचं पोट. ट्रॉलीवर ट्रॅक्टर दोरखंडानं आवळला की मालक ट्रॅक्टरच्याच सीटवर स्टिअरिंग धरून बसे, आणि निघताना फिरोज मागे न पाहता हाक मारी, "भाऊ, बसले का?"

कापसानं गावंच्या गावं सुतकात बसवली, त्या वर्षांतली गोष्ट. बाभुळगावच्या कांताबाईचा नवरा गेला. त्याचा ट्रॅक्टर राजूरला आपल्या भावाकडे न्यायला तिनं फिरोजला बोलावलं आणि स्वतः केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसली.

सवयीनं फिरोजच्या तोंडून हाक गेलीच. त्यानं जीभ चावली.

कांताबाईनं आरशात मागे पाहिलं. "बसले," ती म्हणाली. "हळू चालवजा. त्याईले गचके सोसत नाई."

राजूर येईस्तोवर फिरोजनं आरशात पाहिलं नाही.