शेजारचे दोन पंच

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. उठतो, येरझाऱ्या घालतो, पुन्हा बसतो.

सायबर कॅफे नवे नवे निघाले होते तेव्हाची गोष्ट. शिरूर ठाण्यात मी फौजदार होतो. गावात शिवणक्लास चालवणारी एक तरुणी वडिलांबरोबर आली. वडील बाहेरच्या बाकावरच बसले. तिने माझ्यापुढे लिफाफा ठेवला. तिचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. तिथल्या एका परदेशी खलाशाने त्याला कौतुकाने आपली 'मैत्रीण' दाखवली होती. पैसे भरून बघायच्या एका अश्लील वेबसाइटवर ती त्याला पत्रं लिहायची. पत्रांवरचा फोटो मात्र या तरुणीचा होता. साडीतला, स्थळांना पाठवायला काढलेला. भावाने त्या पत्रांच्या छापील प्रती धाडल्या होत्या.

"दौंडला माझं लगीन ठरलंय, साहेब. त्याला धरा, पण गावात कुणाला कळाय नको."

"कळणार नाही," मी म्हणालो.

फोटो तिने एसटी स्टँडजवळच्या कॅफेत स्कॅन करून घेतला होता. कॅफे चालकाच्या घराच्याच पुढच्या खोलीत होता. तिशीच्या आतला, पदवीधर माणूस. "दिसभर माणसं येत्यात, साहेब. कोण काय करतं, मला काय ठाव?" हेच पालुपद. मी त्या प्रती चाळत होतो. एका पत्रात लिहिलं होतं की आमची शेळी व्याली, करडू काळं आहे, एक कान पांढरा. तेवढ्यात मागच्या खोलीतून करडाचं बें-बें ऐकू आलं. मी मधल्या दाराचा पडदा सारला. काळं करडू, एक कान पांढरा.

"हे कधीचं?"

त्याने पुढे होऊन पडदा पुन्हा ओढला. "रोज नवं काय लिवायचं, साहेब? सुचंना, म्हणून घरातलंच लिवलं."

मग सगळं बाहेर आलं. "परदेशी कंपनीला गिऱ्हाईक धाडलं की दलाली मिळती. एकरकमी घेतली की विषय संपला. न्हाईतर गिऱ्हाईक जितकं महिनं पैसं भरंल, तितकं महिनं वाटा. मी वाटा धरला."

"आणि ते टिकावं म्हणून पत्रं?"

"उघडी चित्रं फुकट बी मिळत्यात. म्हणून दुसऱ्या महिन्याला माणूस सुटतो. 'जेवलास का' म्हणून इचारणारी आसंल, तर सुटत न्हाई."

मागून हवालदार पुटपुटला, "आमच्या घरी तरी कोण इचारतं!"

"आणि फोटो तिचाच का?"

"घरातली वाटती म्हणून," तो मान खाली घालून म्हणाला.

आता संगणकाची जप्ती. पंच त्याच आळीतले, प्रतिष्ठित घ्यायचे, म्हणजे कोर्टात पंचनामा टिकतो, हा शिरस्ता. शेजारचा औषधवाला आणि समोरचा हॉटेलवाला बोलावला. त्यांच्यासमोर संगणक सुरू केला. पडदाभर तिचा चेहरा आला.

हॉटेलवाला वाकून म्हणाला, "आरं तिच्या! ही तर शिवणक्लासवाली!"

"बाहेर एक शब्द बोलायचा नाही," मी दटावलं.

"छ्या, साहेब! मी कशाला बोलतोय?"

पंचनामा बिनचूक झाला. संध्याकाळपर्यंत त्याच्या हॉटेलात चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ती बातमीही टेबलावर गेली.

थोड्याच दिवसांत ती पुन्हा ठाण्यात आली. या वेळी एकटीच. दौंडकरांनी लग्न मोडल्याचा निरोप धाडला होता. क्लासला मुली येईनाशा झाल्या होत्या. मी म्हणालो, "आरोपी आत आहे. केस पक्की आहे."

"त्यानं मला परमुलखात दाखवली, साहेब. तिकडं मला कोण वळखतं? गावात तुम्ही दाखवली."

पंच पाबळहून आणता आले असते, दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या सरकारी कचेरीतून मागवता आले असते. कायद्यातून वाट निघाली असती. मी ती शोधलीच नाही. पुढे फिर्याद घेऊन कुणी बाई आली की पंच कोण घ्यायचे, हे मी आधी तिला विचारू लागलो. त्याने इतरांची सोय झाली, हिची नाही.

कोर्टात टिकेल अशी केस मला हवी होती. त्या माणसाला गिऱ्हाईक टिकवायचं होतं. दोघांनीही त्यासाठी चेहरा तिचाच वापरला.